कोणते ओझे उतरवायचे?

वारीहून परतल्यावर कामाच्या वाटेवर पाय जड होतात आणि मनात येते, ही नोकरीच सोडावी. सोडा अथवा ठेवा. पण आधी जड नेमके काय झाले आहे ते पाहा.

सावतोबांनी अरणचा मळा सोडला नाही. नरहरी सोनारांची हातोडीही सुटली नाही. विठ्ठलाच्या कमरेचे माप घेता घेता दृष्टी तेवढी बदलली, असे कथा सांगते. तुकोबांचे मात्र थांबून पाहावे असे आहे. देहूत दुकान, जोडीला सावकारी. दुष्काळात घरची माणसे गेली. पुढे त्यांनी कर्जखते इंद्रायणीत सोडली. पण सगळी नव्हे. परंपरा सांगते, निम्मी धाकट्या कान्होबांना दिली आणि आपल्या वाट्याची तेवढी बुडवली. स्वतःचे वैराग्य भावाच्या भाकरीवर लादले नाही. कीर्तनात हा बारकावा घाईत निसटतो.

तुमच्या कामात मापात खोट करावी लागते, खोट्या कागदावर सही द्यावी लागते? मग जागा बदला, लवकर बदला. काम चोख आहे पण सारा दिवस गिळते, तर पगार थोडा घटला तरी तास कमी करून मागा. शेजारच्या टेबलाची बढती टोचत असेल, तर नव्या कचेरीतही शेजारी टेबल असणारच.

आणि राजीनामा लिहिण्याआधी घरात विचारा. जिजाई भाकरी घेऊन भंडारा चढायच्या, हे आपण कौतुकाने ऐकतो. मागे डब्यात पीठ किती उरत असेल?