मागणे आणि नम्रता

ज्याची दृष्टी मंदावत चालली आहे त्याने आपली गरज चारचौघांत बोलून दाखवावी काय? की निमूटपणे सोसणे हीच ख्रिस्ती नम्रता? हा प्रश्न मला पुस्तकात सापडलेला नाही.

माझ्या दोन्ही डोळ्यांत काचबिंदू आहे. औषधाच्या थेंबांनी डोळ्यातला दाब आटोक्यात राहतो, पण गेलेली दृष्टी परत येत नाही. आणि बहुधा ती कडांकडून जाते. समोर धरलेला शब्द मी वाचू शकतो, बाजूला उभा असलेला माणूस मात्र मला दिसत नाही. साहजिकच लोकांना वाटते, याला तर चांगले दिसते. काही वर्षे मीही त्यांना तसे वाटू दिले.

त्या काळात भाषांतराच्या एका मुद्रितात ओळीच्या टोकाचा 'नको' गळला होता. आज्ञेचा अर्थच उलटला. छपाईपूर्वी दुसऱ्या कोणाच्या ते लक्षात आले म्हणून निभावले. ठपका आला तो अक्षरजुळणी करणाऱ्या तरुणावर. शेवटची तपासणी माझी होती, तरी मी मान खाली घालून बसून राहिलो. 'आपले दुखणे लोकांपुढे कशाला मांडायचे,' अशी मनाची समजूतही घातली. तिला नम्रता म्हणण्याचे धाडस आज होत नाही. काम काढून घेतले जाईल, ही भीती होती ती.

मार्काच्या दहाव्या अध्यायातील बार्तीमय आपणा सर्वांच्या परिचयाचा आहे. त्याला गप्प राहण्यासाठी लोकांनी दटावले, असे सांगताना मार्क जी दोन ग्रीक क्रियापदे वापरतो, तीच त्याने चौथ्या अध्यायात प्रभू वादळाला दटावून शांत करतो तेथे वापरली आहेत. जणू एका आंधळ्याची हाक म्हणजे शमवण्याजोगे वादळ! आणि दटावणारे कोणी शत्रू नव्हते; प्रभूच्याच वाटेने चाललेली ती माणसे होती. प्रभू मात्र थांबतो आणि विचारतो, मी तुझ्यासाठी काय करावे? आंधळ्याला काय हवे असणार हे त्याला कळत नव्हते काय? तरीही उत्तर त्याने त्याच्याच तोंडून घेतले.

थोडे आधी हाच प्रश्न त्याने याकोब व योहान यांना विचारला होता. त्यांनी मानाची आसने मागितली. बार्तीमयाने दृष्टी मागितली आणि तो त्याच्या मागून वाटेने चालू लागला. इतरांच्या वर बसण्याची मागणी वेगळी आणि इतरांबरोबर चालता यावे ही मागणी वेगळी. आपले उपदेशक बरे होण्याच्या चमत्काराकडे फार घाईने धावतात, असे मला वाटते. मलाही प्रार्थनेचा सल्ला पुष्कळ मिळतो. प्रार्थना मी करतोच. पण मंडळीचे परिपत्रक फोटो काढून पाठवले, तर मोबाइलमधील वाचून दाखवणारा आवाज मुका होतो. जुन्या डीटीपी फाँटातला मजकूर तर तो निरर्थक अक्षरांसारखा बडबडतो. आंधळ्याच्या वाटेत अडखळण ठेवण्यास लेवीय १९:१४ मध्ये मनाई आहे. ठेवणाऱ्याचा हेतू काय होता, हे ठेचकाळलेल्या पायाला ठाऊक नसते.

देशाच्या २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्यात अल्पदृष्टीचाही समावेश आहे आणि वाजवी सोय नाकारणे हा भेदभाव ठरवला आहे. तरी आपल्याला कायद्यापर्यंत जाण्याची गरज का पडावी? केडगावी पंडिता रमाबाईंनी अंध भगिनींसाठी घर उभारले, त्याला बार्तीमयाचेच नाव दिले. स्वतः रमाबाईंना ऐकू कमी येत असे आणि त्यांनी संपूर्ण पवित्र शास्त्राचे मराठी भाषांतर केले, हे आम्हा भाषांतरकारांना विसरता येत नाही.

अखेर एका बैठकीत मी सारे सांगितले आणि त्या तरुणाची सर्वांसमक्ष क्षमा मागितली. तो काही बोलला नाही. अध्यक्षांनी विचारले, "मग आम्ही काय करावे?" इतकी वर्षे लपवण्यात गेल्यामुळे उत्तर माझ्यापाशी तयारच नव्हते. जरा वेळाने मी म्हणालो, "मसुदा युनिकोडमध्ये द्या, बैठकीच्या दोन दिवस आधी. आणि बोलण्यापूर्वी प्रत्येकाने आपले नाव सांगावे."

पहिले नाव त्या तरुणाने सांगितले.