तितिक्षा आणि बधिर बोटे

पॅक्लिटॅक्सेल, ऑक्झॅलिप्लॅटिन, सिस्प्लॅटिन, व्हिन्क्रिस्टिन ही केमोथेरपीतील औषधे कर्करोगाच्या पेशींबरोबर मज्जातंतूंनाही इजा करतात. बोटांना आधी मुंग्या येतात, मग बधिरपणा येतो. बटण लागत नाही, सुईत दोरा जात नाही, जपमाळेचा मणी कधी सरकला ते कळत नाही. या इजेची सुरुवात बाहेरून दिसत नाही आणि नेहमीच्या रक्ततपासणीतही येत नाही. ती रुग्णाने सांगितली तरच कळते, आणि पुष्कळ रुग्ण सांगत नाहीत. डोस कमी केला तर रोग उलटेल ही भीती त्यामागे असतेच. शिवाय निमूट सोसण्याला आपल्याकडे पुण्याचे मोल आहे. म्हणून हा प्रश्न धर्मविचाराचाही ठरतो: सोसणे हा गुण असेल, तर त्याची हद्द कोठे?

गीतेच्या दुसऱ्या अध्यायात इंद्रियांचे विषयांशी होणारे स्पर्श शीत-उष्ण, सुख-दुःख देणारे म्हटले आहेत आणि ते सोसण्याचा उपदेश आहे. कारण ते येतात आणि जातात. मज्जातंतूंची इजा मात्र कधी कधी वर्षानुवर्षे राहते, तेव्हा हा उपदेश तिला लागू नाही, असे म्हणण्याचा मोह होतो. पण ते उत्तर अपुरे आहे. गीतेच्या दृष्टीने देहच अनित्य, मग त्याचा बधिरपणा नित्य कसा? शंकराचार्यांच्या नावावर असलेल्या ‘विवेकचूडामणी’त तर तितिक्षेची, म्हणजे अशा सोसण्याची, व्याख्या अधिकच कडक आहे: प्रतिकार न करता, चिंता वा विलाप न करता दुःख सोसणे.

उत्तर याच व्याख्येत सापडते. ती मुमुक्षूच्या, म्हणजे मोक्षाची ओढ असलेल्याच्या, साधनसंपत्तीचा भाग म्हणून आली आहे. ज्याने हातात सलाईनची सुई टोचून घेतली, त्याने प्रतिकाराचा मार्ग आधीच पत्करला आहे. देह असला तरच बाकीचे सारे, म्हणून इतर सर्व बाजूला ठेवून देह सांभाळावा, ही चरकाची शिकवण त्या मार्गाची आहे. रोगावर उपचार घ्यायचा आणि उपचाराने होणारी इजा मात्र लपवायची, यात तितिक्षा नाही. मुंग्या सांगणे हा त्याच उपचाराचा भाग आहे. उपाय करूनही जे उरते, ते सोसण्याचे.

आणि उरते बरेच. अमेरिकेतील कर्करोगतज्ज्ञांच्या संघटनेने 2020 मध्ये या इजेविषयीच्या मार्गदर्शक सूचना सुधारल्या, तेव्हाही तिच्या प्रतिबंधासाठी एकाही औषधाची शिफारस करता आली नाही. पोषक पूरक म्हणून घेतल्या जाणाऱ्या असेटिल-एल-कार्निटिनने तर स्तनाच्या कर्करोगाच्या रुग्णांत त्रास वाढवला. आशा दिसते ती थंडाव्यात. क्योतो येथील 2018 च्या छोट्या अभ्यासात पॅक्लिटॅक्सेल चालू असताना एकाच हाताला गोठवलेला मोजा घातला, दुसरा उघडा ठेवला. थंड हाताची संवेदना अधिक टिकली. येथे गारठा सोसणे हाच प्रतिकार होतो. ऑक्झॅलिप्लॅटिनच्या रुग्णांना मात्र थंडीनेच कळा येतात, त्यामुळे हा उपाय सरसकट चालत नाही.

मग उरतो डोस कमी करण्याचा किंवा उपचार लवकर थांबवण्याचा मार्ग, आणि खरी कसोटी तेथे लागते. मोठ्या आतड्याच्या तिसऱ्या टप्प्यातील कर्करोगाच्या 12,834 रुग्णांची माहिती 2018 मध्ये एकत्र मांडली गेली. ऑक्झॅलिप्लॅटिनयुक्त उपचार सहा महिने घेणाऱ्यांपैकी तीन वर्षांनी 75.5 टक्के रोगमुक्त होते, तीन महिने घेणाऱ्यांपैकी 74.6 टक्के. मज्जातंतूंचा मध्यम वा तीव्र त्रास मात्र सहा महिन्यांत सुमारे 45 ते 48 टक्क्यांना, तीन महिन्यांत 14 ते 17 टक्क्यांना झाला. कमी काळ सर्वांसाठी तितकाच चांगला, असे त्यातून सिद्ध झाले नाही. कमी जोखमीच्या रुग्णांत विशिष्ट औषधजोडीपुरते ते चित्र दिलासादायक होते.

त्या एका टक्क्याहून कमी फरकाचे मोल आकडे ठरवत नाहीत. तबलजी, शिंपी किंवा ब्रेल वाचणारी व्यक्ती ते एका मापाने तोलेल, लहान मुलांची आई कदाचित दुसऱ्या. डॉक्टरांनी जोखीम समजावून सांगावी. पण तोलण्याचा अधिकार ज्याचा हात त्याचा. सांख्यांनी हाताला कर्मेंद्रिय म्हटले आणि त्वचेला ज्ञानेंद्रिय. बोटांच्या टोकाशी दोन्ही एकत्र येतात, म्हणून तेथील हानी ही करण्याची आणि जाणण्याचीही हानी असते. हा निर्णय वेळेवर व्हावा लागतो. सिस्प्लॅटिन आणि ऑक्झॅलिप्लॅटिनचा बधिरपणा औषध बंद केल्यावरही काही महिने वाढत राहू शकतो. असह्य होईपर्यंत थांबलेल्या रुग्णासाठी डोस कमी करण्याची वेळ बहुधा टळून गेलेली असते.