हाताचा गुण

बदली होऊन नवे कुटुंब गावात आले की पाळकसाहेबांची भेट होण्याआधीच ते दोन गोष्टींची चौकशी करते : मुलांना शाळा कोणती बरी, आणि जवळपास चांगला डॉक्टर कोण. शाळेविषयी मते पुष्कळ पडतात. डॉक्टरांविषयी मात्र बहुधा एकच वाक्य कानी येते : 'अमक्यांकडे जा, त्यांच्या हाताला गुण आहे.' ज्याने हे वाक्य उच्चारले त्याने एक साक्ष दिलेली असते. तिच्या भरवशावर उद्या कोणी आई तापाने फणफणलेले लेकरू घेऊन त्या दवाखान्याची पायरी चढणार असते. ही साक्ष आपण कशाच्या आधारे देतो, हा प्रश्न वाटतो तितका किरकोळ नाही. शब्बाथशाळेत आपण मुलांना नववी आज्ञा पाठ करून घेतो. पण खोटी साक्ष काही फक्त कोर्टातच दिली जाते असे नाही.

'गुण आला' म्हणजे नक्की काय झाले? पडसे, साधा ताप, पोट बिघडणे ही दुखणी बहुतेक वेळा आठवड्याच्या आत आपोआपच उतरतात. तिसऱ्या दिवशी सुई टोचून घेतली आणि पाचव्या दिवशी ताप उतरला, तर श्रेय सुईला मिळते. शेजारच्या घरात कोणी सुई न घेता त्याच पाचव्या दिवशी उठून बसतो, त्याची मात्र चर्चा होत नाही. उलट रक्तदाब आणि मधुमेह यांची गोष्ट घ्या. तेथे चांगल्या डॉक्टरच्या श्रमाचे फळ म्हणजे जे घडलेच नाही ते : न आलेला अर्धांगवायू, न गेलेली दृष्टी. न घडलेल्या गोष्टीबद्दल आभार मानायला कोणी पेढे घेऊन दवाखान्यात जात नाही. तेव्हा केवळ गुणावरून हाताची परीक्षा करू गेले तर आपण नेमके उलटे माप लावण्याचा संभव आहे.

या बाबतीत शुभवर्तमानातील एक बारकावा आम्हांला नेहमी विचार करायला लावतो. बारा वर्षे रक्तस्रावाने पीडलेल्या स्त्रीची हकीकत मार्क सांगतो, तेव्हा पुष्कळ वैद्यांच्या हातून तिने किती सोसले, पैसा कसा संपला आणि दुखणे उलट कसे वाढले, हे सगळे तो स्पष्ट लिहितो. लूकही तीच हकीकत सांगतो. पण पौलाने ज्याला प्रिय वैद्य म्हटले तो हाच लूक, असे परंपरा मानते. आणि त्याच्या लेखणीतून एवढेच उतरते की तिला कोणी बरे करू शकले नव्हते. वैद्यांमुळे झालेले हाल आणि वाढलेले दुखणे यांविषयी तो गप्प राहतो. आम्ही लूकला दोष देत नाही. कोणता आजार माणसाच्या आवाक्याबाहेरचा आहे हे धंद्यातल्या माणसाला अधिक कळते. तथापि ती बाई त्या बारा वर्षांत काय भोगत होती हे आपल्याला मार्ककडूनच कळते. दोघांच्याही साक्षी पवित्र शास्त्रात शेजारी शेजारी राहिल्या, हे बरे झाले.

तर मग रोग्याच्या तोंडचा शब्दच अखेरचा मानावा काय? तसेही करता येत नाही. इंग्लंडात मँचेस्टरजवळ हाइड नावाच्या गावी हॅरॉल्ड शिपमन हा डॉक्टर दवाखाना चालवीत असे. म्हाताऱ्या माणसांच्या घरी जातीने जाणारा डॉक्टर म्हणून त्याच्यावर रोग्यांचा मोठा विश्वास होता. त्याला १९९८ साली अटक झाली आणि २००० साली पंधरा रुग्णांच्या खुनाबद्दल जन्मठेप झाली. पुढे चौकशी आयोगाने बळींची संख्या दोनशेहून अधिक ठरविली. हे टोकाचे उदाहरण आहे हे खरे, आणि त्यावरून कोणी आपल्या गल्लीतील डॉक्टरकडे संशयाने पाहू लागेल तर तो मूर्खपणा होईल. पण गोड बोलणे म्हणजेच उत्तम उपचार, या समजुतीला यापेक्षा मोठा धक्का आम्हांला ठाऊक नाही.

आपल्या देशातील एक पाहणी २०१२ साली प्रसिद्ध झाली. मध्य प्रदेशातील खेड्यांत व दिल्लीत शिकवून तयार केलेली माणसे रोगी बनवून दवाखान्यांत पाठविण्यात आली. कोणी छातीत दुखते म्हणून गेला, कोणी दम लागतो म्हणून, कोणी घरी ठेवलेल्या मुलाला आव झाली आहे म्हणून. खेड्यांतील भेटी सरासरी चार मिनिटांच्या आत आटोपल्या. जे विचारायला आणि तपासायला हवेच होते, त्यापैकी सुमारे एक तृतीयांशच झाले. योग्य उपचार सुमारे तीस टक्के भेटींत मिळाला. उपचार करणाऱ्यांपैकी निम्म्याहून अधिकांजवळ वैद्यकाची पदवीच नव्हती. आणि तरीही यांच्या बाकांवर रोज गर्दी असते, व तिच्यातला जो तो दुसऱ्याला सांगत असतो की हाताला गुण आहे.

येथपर्यंत वाचून कोणी म्हणेल की दोष डॉक्टरांचा. पण त्यातला काही वाटा आपल्याकडे येतो. जुलाबाने वाळणाऱ्या मुलाला मीठसाखरेचे पाणी, ज्याला आपल्याकडे जलसंजीवनी म्हणतात, ते वेळेवर मिळाले तर बहुधा त्याचा जीव वाचतो. डॉ. दिलीप महालनबीस यांनी १९७१ साली बनगावच्या निर्वासितांच्या छावणीत पटकीच्या साथीत सलाईन संपत आल्यावर हेच पाणी पाजविले, आणि शेकडा तीसच्या आसपास असलेले मृत्यूचे प्रमाण चारच्या खाली आले. ही गोष्ट डॉक्टरांना ठाऊक नाही असे नाही. मग ते लिहून का देत नाहीत? कर्नाटक आणि बिहार या राज्यांत खाजगी दवाखान्यांची याच प्रश्नावर पाहणी झाली व ती २०२४ साली प्रसिद्ध झाली. येथेही रोग्याच्या घरचे म्हणून शिकविलेली माणसे पाठविली होती. ज्यांनी कसलीच इच्छा दाखविली नाही त्यांना सुमारे २८ टक्के वेळा जलसंजीवनी मिळाली. ज्यांनी आम्हांला तीच हवी असे दर्शविले त्यांना सुमारे ५५ टक्के वेळा. लोकांना नुसते पाणी नको असते, 'खरे औषध' हवे असते, अशी डॉक्टरांची समजूत हे ती न देण्याचे एक प्रमुख कारण निघाले.

वाचक बंधुभगिनींनो, ही समजूत त्यांना कोणी करून दिली? जो डॉक्टर सुई न टोचता मुलाला पाणी पाजा म्हणून परत पाठवतो, त्याच्याविषयी दुसऱ्या दिवशी नळावर काय बोलले जाते ते ठाऊक आहे. दोन गिऱ्हाइके समोरच्या दवाखान्यात जातात. महिनाभराने तोही सुई काढतो. आपण दवाखान्याविषयी जे बोलतो ते नुसते मत नसते. दवाखाना हळूहळू त्या बोलण्यासारखा होत जातो.

बेळगाव-सांगलीकडची आमची वडीलधारी माणसे प्रत्येक दवाखान्याची तुलना मिरजेशी करतात. डॉ. वॉन्लेस यांनी १८९४ साली उभारलेल्या त्या मिशन इस्पितळाशी एका खोलीत साठ रोगी पाहणाऱ्या डॉक्टरची तुलना करणे अन्यायाचे आहे, हे आम्ही त्यांना सांगून थकलो.

औषध बरोबर होते की नाही हे सामान्य माणसाला ठरविता येणार नाही. पण काही गोष्टी अशा आहेत की त्या फक्त त्यालाच दिसतात. डॉक्टरांनी पोटाला हात लावून पाहिले की नाही? आधीच्या रोग्यानंतर हात धुतले काय? आधीपासून कोणते औषध चालू आहे हे विचारले काय? काय झाले आहे ते कळेल अशा शब्दांत सांगितले? 'हे माझ्या हातचे नाही, मोठ्या इस्पितळात जा' असे म्हणण्याचे धैर्य दाखविले? शेवटचे वाक्य उच्चारणारा डॉक्टर पुष्कळांना कच्चा वाटतो. आम्हांला तो सर्वांत भरवशाचा वाटतो.

आणि हे विचारायचे कोणाला, हेही महत्त्वाचे आहे. वेल्समधील ग्लिनकोरुग या खाणकामगारांच्या गावी वर्षानुवर्षे दवाखाना चालविणारे डॉ. ज्युलियन ट्यूडर हार्ट यांनी १९७१ साली लिहून ठेवले की चांगल्या उपचाराची गरज जेथे जास्त, तेथे तो मिळण्याची शक्यता कमी. हे एकाच दवाखान्याच्या आतही खरे असते. शिक्षक, कारकून, मंडळीचे पंच यांना डॉक्टर खुर्ची देतात, नाव घेऊन बोलतात. त्यांची साक्ष चांगलीच असणार. म्हणून नव्या कुटुंबाने चौकशी केली तर उत्तर देण्याआधी आपल्या घरी धुणेभांडी करणाऱ्या मावशींना विचारावे. त्याही त्याच दवाखान्यात जातात. त्यांना आत किती वेळ मिळाला, आणि बाहेर पडताना आपल्याला काय झाले आहे हे त्यांना सांगता येत होते काय?