न मोजलेले आकडे

बसू नकोस. आधी हा तक्ता मोठ्यानं वाच. चार कोर, एल-टू कॅश एक मेगाबाइट: मिस शून्य. कॅश चार मेगाबाइट: मिस शून्य. दोन्हींचा वेळ जवळपास सारखाच. आणि खाली तुझा निष्कर्ष, ‘कॅश वाढवून वेगात फरक पडत नाही.’ हे लिहायला हात कसा धजावला तुझा? चार कोर एकाच मेमरीवर तुटून पडलेत आणि एकही मिस नाही, हे तुला खरं वाटलं?

जेम-फाइव्ह सिम्युलेटर तू अथपासून इतिपर्यंत केव्हीएमवर चालवलंस. केव्हीएम काय करतं, ते वाचलंस? व्हीटी-एक्स किंवा एएमडी-व्हीच्या जोरावर गेस्टच्या इन्स्ट्रक्शन थेट होस्टच्या प्रोसेसरवर धावतात. तू बांधलेलं कॅशचं मॉडेल त्यांच्या वाटेत येतच नाही, म्हणून मिस शून्य. आणि वेळ? तो होस्टच्या सायकलींवरून काढलेला. म्हणजे तू स्वतःची रचना मोजलीच नाहीस. लॅबमधलं मशीन मोजलंस आणि त्यावर स्वतःच्या रचनेचं नाव घातलंस.

घाई होती म्हणतोस. आउट-ऑफ-ऑर्डर मॉडेल सेकंदाला लाख-दोन लाख इन्स्ट्रक्शनवर रेंगाळतं, खरा कोर अब्जावधी उरकतो, हे मला ठाऊक आहे. केव्हीएमची सोय त्यासाठीच आहे. लिनक्स बूट होणं, इनपुट वाचणं, एवढं त्याच्यावर सोपवायचं. २०१५ साली उप्सालाच्या संशोधकांनी हेच शिस्तीत करून दाखवलं: दोन नमुन्यांमधलं अंतर केव्हीएमवर झपाट्यानं कापलं, प्रत्येक नमुन्याआधी कॅश वॉर्म केली आणि मोजमाप सविस्तर मॉडेलवरच घेतलं. तू अंतर तेवढं कापलंस, मोजमाप गाळलंस.

त्यात तुझं काम मल्टिकोरचं. केव्हीएममध्ये प्रत्येक कोर होस्टच्या वेगळ्या थ्रेडवर धावतो. वेळेचा ठरवलेला तुकडा, क्वांटम, संपला की मगच ते एकमेकांशी जुळतात. लॉक कोणाला आधी मिळेल, हे दर वेळी बदलू शकतं. मग एकाच रनवर छातीठोक दावा कसा करतोस? विस्कॉन्सिनच्या अलामेल्दीन आणि वूड यांनी २००३ मध्येच बजावलं होतं की, मल्टिथ्रेडेड प्रोग्रामच्या एका रनवर विसंबू नका. आणि तो आयपीसीचा, दर सायकलीमागच्या इन्स्ट्रक्शनचा, रकानाही खोड. लॉकपाशी ताटकळणारा कोरसुद्धा इन्स्ट्रक्शन मोजून देतो. आयपीसी वाढतो, काम तसूभर सरकत नाही.

आता नीट ऐक. पार्सेकच्या बेंचमार्कमध्ये मोजायचा भाग आखून दिलेला आहे. तिथवर केव्हीएमनं जा. तिथं सीपीयू बदल. कॅश रिकामी असेल, ती आधी वॉर्म कर. मग सविस्तर मॉडेलवर काम पुरं व्हायला लागलेला वेळ मोज. पुन्हा पुन्हा रन कर आणि सरासरीबरोबर फरकही छाप. आठवडे लागले तरी लागू देत.

तुझ्यानंतरचा कोणी हा आकडा खरा मानून पुढची रचना करील. न मोजलेला आकडा त्याच्या हाती देणं ही फसवणूक आहे, मग ती आळसातून का झालेली असेना. प्रबंधातून हा तक्ता आजच काढ. तो असेपर्यंत माझी सही मिळणार नाही.