गोड्या पाण्यातली परीक्षा

आवाजावरून पाणबुडीचा माग काढणाऱ्या सोनारची चाचणी समुद्रातच होत असेल, असं आपण धरून चालतो. पण डीआरडीओची कोचीची प्रयोगशाळा, एनपीओएल, आपली उपकरणं केरळच्या डोंगरांत कुळमावूला, इडुक्की धरणाच्या गोड्या पाण्यातही तपासते. एप्रिल २०२४ मध्ये तिथे ‘स्पेस’ नावाचा तरंगता मंच सुरू झाला. त्याचा एक भाग उपकरणांसकट १०० मीटर खोल सोडता येतो.

अरुणावती किंवा बेंबळा धरणाच्या काठच्या माणसाला याचं नवल वाटेल. आपल्यासाठी धरण म्हणजे कालवा, ओलित, पाणीपट्टी. पण आवाजाचं मोजमाप घ्यायचं तर पाणी खोल आणि शांत हवं. लाटा आणि जहाजांच्या गलक्यात उपकरणातला बारीक दोष लपून जातो.

अशी परीक्षा आधीच का व्हावी, ते एका रात्रीवरून कळतं. ९ डिसेंबर १९७१च्या रात्री दीवजवळच्या समुद्रात पाकिस्तानच्या ‘हंगोर’ पाणबुडीने आपली युद्धनौका ‘आयएनएस खुकरी’ बुडवली. कॅप्टन महेंद्रनाथ मुल्ला यांच्यासह १८ अधिकारी आणि १७६ नौसैनिक गेले. खुकरीच्या सोनारचा पल्ला तोकडा होता. तो वाढवण्याचा प्रयोग जहाजावरच चालू होता आणि त्यापायी वेग कमी ठेवावा लागला होता. ही गोष्ट मनाला फार लागते. ऐन युद्धात, शत्रूच्या टप्प्यात, प्रयोग करायची वेळ त्या माणसांवर आली, आणि तरी ती मागे हटली नाहीत.

पेरणीआधी आपल्याकडे सोयाबीनचे शंभर दाणे ओल्या गोणपाटावर रांगेने मांडतात, गुंडाळी सावलीत ठेवतात, वरून पाणी शिंपडत राहतात. सत्तर दाण्यांना कोंब आले तर बियाणं भरवशाचं. गोणपाटात बी फसलं तर मूठभर दाणे जातात, वावरात फसलं तर हंगाम जातो. कुळमावूच्या पाण्यात नापास झालेल्या उपकरणाकडे मी याच नजरेने पाहतो. तिथे पकडलेली चूक कुणाच्या तरी लेकराला घरी परत आणते.

आपल्या राज्यातही अशा आधीच्या तपासणीचं काम चालतं. पाणबुडीला हवेसाठी वारंवार वर यावं लागू नये म्हणून बनवलेल्या इंधनघट यंत्रणेची डीआरडीओच्या अंबरनाथच्या प्रयोगशाळेत ८ मार्च २०२१ला यशस्वी चाचणी झाली, तीही जमिनीवर. वणी-पुसदच्या विज्ञान शाखेतल्या मुलामुलींना त्यांच्या शिक्षकांनी कुळमावू आणि अंबरनाथ ही दोन नावं आवर्जून सांगावीत.