ओट्यावरच्या दोन माता

दमणगंगेकाठच्या सिल्वासात, कारखान्यांच्या आश्रयाने खानदेश-कोकणातून येऊन स्थिरावलेल्या एखाद्या कुटुंबात सेरेब्रल पाल्सी असलेले मूल वाढत असते, तेव्हा आजी, मावशी, शेजारपाजार हे सारे गावाकडेच राहिलेले असल्यामुळे, त्या मातेच्या वाट्यास श्रमांपेक्षाही एकाकीपणाच अधिक येतो. परवा कचेरीच्या ओट्यावर दाखल्यासाठी तिष्ठत बसलेल्या दोन माता दिसल्या. मुलाची मान किंचित पुढे झुकवून, लहान चमच्याने मऊ भात भरविला म्हणजे ठसका कमी लागतो, हे एकीने दुसरीला स्वतः भरवून दाखविले. त्या दुसरीच्या चेहऱ्यावरचा दिलासा मी विसरू शकत नाही.

१९९९ च्या राष्ट्रीय न्यास कायद्याने स्वमग्नता, सेरेब्रल पाल्सी, बौद्धिक अक्षमता आणि बहुविकलांगता असलेल्यांच्या पालकत्वाचे अर्ज ऐकण्यासाठी स्थानिक समितीची तजवीज केली असून, तीत जिल्हाधिकारी दर्जाच्या अंमलदारासह नोंदणीकृत संस्थेचा एक प्रतिनिधी आणि एक दिव्यांग व्यक्ती असते. न्यासाच्या ‘निरामय’ योजनेत १ लाख रुपयांपर्यंतचा आरोग्यविमाही आहे. परंतु ही वार्ता बहुधा एका मातेकडूनच दुसरीला कळते.

आपल्या चाळीत असे घर असेल, तर आज सायंकाळी तेथे अवश्य जा, आणि त्या मुलाला त्याच्या नावाने हाक मारा.