शुश्रूषा करणाऱ्याचा धर्म



रोग्याची सेवा करणे हे चांगले कर्म आहे, याविषयी कोणाचे दुमत नाही. परंतु सेवा करीत असतानाच मनुष्य त्या रोग्याचा अपराध करू शकतो काय? हा प्रश्न मला कोणत्याही ग्रंथात भेटला नाही. तो काटोल येथे माझ्याच घरात माझ्यापुढे उभा राहिला. असे प्रसंग आपल्या मंडळ्यांतील पुष्कळ कुटुंबांवर येतात, आणि लज्जेमुळे त्यांविषयी कोणी बोलत नाही. म्हणून पत्नीची संमती घेऊन मी येथे लिहीत आहे.

तिच्या स्तनात गाठ आढळली. ती दुखत नव्हती, म्हणून आम्ही काही आठवडे वाया घालविले. अशी गाठ पुष्कळदा दुखत नाही, हे वाचकांनी ध्यानात ठेवावे व विलंब न लावता डॉक्टरांस दाखवावे. तपासणीत कर्करोग ठरला, आणि नागपुरास शस्त्रक्रिया होऊन तो स्तन व काखेतील ग्रंथी काढण्यात आल्या. काही दिवसांनी आम्ही सुमारे ६० किलोमीटरांचा प्रवास करून घरी परतलो. मृग बहाराची संत्री उतरण्याचे ते दिवस होते. फळांनी भरलेल्या गाड्या नागपूरकडे चालल्या होत्या, आणि आम्ही त्यांच्या उलट दिशेने येत होतो.

तिच्या अंगाला एक नळी व नळीच्या टोकास लहानशी बाटली होती. जखमेत साचणारा द्रव तीत उतरतो. तो रोज मोजून लिहावयाचा असतो, आणि सामान्यतः चोवीस तासांत ३० मिलिलीटरपेक्षा कमी येऊ लागला म्हणजे डॉक्टर नळी काढतात. हे काम मी पत्करले. वही आखली, वेळ लिहिली, आकडे मांडले. चूल पेटविली, पाणी भरले, कपडे धुतले. शेजारची मंडळी माझी वाखाणणी करू लागली, आणि खरे सांगावयाचे तर मलाही स्वतःविषयी बरेच समाधान वाटू लागले.

मग जखमेवरील पट्टी बदलण्याचा दिवस आला. मी हातांत कापूस धरून उभा होतो. तिने पट्टी सोडली, आणि त्याच क्षणी माझी नजर खिडकीकडे वळली. मी मुद्दाम वळविली नाही, ती वळली. तिने ते पाहिले व काही बोलली नाही. दुसऱ्या दिवसापासून ती दाराला कडी लावून एका हाताने स्वतःच पट्टी बदलू लागली. मी विचारले, “दार का लावतेस?” ती म्हणाली, “तुम्हांला त्रास नको म्हणून.”

हे उत्तर ऐकून मला दुःख व्हावयास पाहिजे होते. परंतु प्रथम मला सुटल्यासारखे वाटले, आणि माझा खरा अपराध तो होय. नजर वळली ही दुर्बलता होती. ती वळलेली बरी असे मानून तीन दिवस स्वस्थ बसलो, हे मात्र पाप होते. त्या तीन दिवसांत आजारी ती होती, आणि शुश्रूषा माझी चालली होती.

इंग्रज लेखिका फॅनी बर्नी हिची कथा पुष्कळांस ठाऊक नसेल. ३० सप्टेंबर १८११ रोजी पॅरिस शहरी तिच्या राहत्या घरी तिचा स्तन कापून काढण्यात आला. ईथरने भूल देण्याचा जाहीर प्रयोग पुढे १८४६ साली झाला. तेव्हा या बाईने ते सर्व जवळजवळ शुद्धीवर राहूनच सोसले. आणि इतक्या भयंकर प्रसंगीही पतीला हे पाहावे लागू नये म्हणून तो त्या वेळी घरी नसेल अशी व्यवस्था तिने स्वतः केली. पुढे ती १८४० पर्यंत जगली. दोनशे वर्षांपूर्वीची पॅरिसमधील बाई व आजची काटोलातील बाई एकच गोष्ट करतात: स्वतःच्या वेदनेत पतीचे भय सांभाळतात. स्त्रीच्या ठायी हे प्रेम आहे, हे खरे. परंतु पुरुषाने त्या प्रेमाचा आडोसा करून बसावे काय?

पुण्यात रमाबाई रानडे यांच्या सेवासदनाने १९०९ नंतर स्त्रियांस शुश्रूषेचे शिक्षण मिळण्याची वाट मोकळी केली. पतींसाठी तशी शाळा कोणी काढली नाही. आजाऱ्याजवळ बसणे हे आई, बहीण, सून यांचे काम, असे समजून आपण वाढलो. म्हणून आपण पुरुष कामे शिकतो, परंतु पाहणे शिकत नाही.

प्रभूने शिष्यांचे पाय धुतले, त्या प्रसंगावर मी अनेकदा उपदेश केला आहे. पेत्राने संकोचाने पाय मागे घेतले, हे मी नेहमी सांगत असे. त्या दिवसांत मला त्यातील दुसरी गोष्ट दिसली. धुणाऱ्याने पाय न पाहता धुतले नाहीत. वाटेची धूळ जेथे लागली होती, तेथेच त्याचा हात गेला.

चौथ्या दिवशी मी दारावर थाप मारली व विचारले, “मी आत येऊ काय? तू म्हणशील तरच.” पुष्कळ वेळाने कडी निघाली. मी बसलो आणि पाहिले. छातीवर आडवी, लांब रेघ होती. टाके कोरडे होते. तिने विचारले, “कसे दिसते?” सुंदर दिसते असे खोटे मी बोललो नाही. मी म्हणालो, “जखम मोठी आहे, पण भरत आहे. मला वाईट वाटते, आणि मी येथेच बसणार आहे.” तेव्हा ती घरी आल्यापासून प्रथमच रडली.

माझी दुसरी चूक प्रेमातूनच झाली. मी तिच्या हातून सर्व काही काढून घेतले. फणीसुद्धा उचलू देईना. पण डॉक्टरांनी सांगितलेला हलका व्यायाम न केल्यास खांदा आखडतो. भिंतीसमोर उभे राहून बोटे हळूहळू वर चढवावयाची, हा त्यांतील एक. पाण्याची भरलेली घागर उचलणे मात्र डॉक्टर सांगत तोवर वर्ज्य. काखेतील ग्रंथी काढल्यामुळे त्या बाजूचा हात काही महिन्यांनी किंवा वर्षांनीही सुजू शकतो. म्हणून चुलीचा चटका, विळीची कापणी, बोराटीचा काटा यांपासून तो जपावा, आणि सूज, लाली अथवा ताप दिसताच दवाखाना गाठावा. तिने भिंतीवर पेन्सिलीने खुणा करण्यास आरंभ केला. रोज बोटे पोहोचतील तेथे एक रेघ. वहीही तिने मागून घेतली. देताना माझ्या मनाला थोडे लागले, तेव्हा कळले की ती वही मी माझ्या मोठेपणासाठीही बाळगीत होतो.

आता भेटीस येणाऱ्यांविषयी दोन शब्द. कोणी तिची थाळी वेगळी ठेवावी असे सुचविले. कर्करोग स्पर्शाने किंवा उष्ट्याने लागत नाही. कोणी हे कोणत्या पापाचे फळ, असे कुजबुजले. फ्लॉरेन्स नाइटिंगेलबाईंनी १८५९ साली शुश्रूषेवर पुस्तक लिहिले, त्यात रोग्यास पोकळ आशा व फुकट सल्ले देणाऱ्यांवर एक स्वतंत्र प्रकरण आहे; म्हणजे ही खोड आपल्याच गावची नव्हे. ईयोबाचे मित्र सात दिवस त्याच्याजवळ मुकाट्याने बसले, तोपर्यंत ते खरे मित्र होते. बोलू लागले, आणि चुकले.

तर मग सेवा खरी कोणती, हे कशावरून ओळखावे? माझ्या अल्प बुद्धीस एवढेच दिसते: सेवा घेतल्यावर रोगी स्वतःच्या देहाचा व दिवसाचा अधिक धनी झाला, तर ती सेवा होय. सेवक मोठा होत गेला व रोगी लहान होत गेला, तर ती सेवेच्या नावाने चाललेली सत्ता होय. विवाहात आपण आजारपणाचे नाव घेऊन वचन देतो. ते वचन चूल पेटविल्याने अर्धेच फिटते. अर्धे पाहिल्याने, विचारून जवळ बसल्याने व वेळ येताच वही परत दिल्याने फिटते.

उपदेशक बंधूंनो, अशा घरी जाल तेव्हा बाईची प्रकृती अवश्य विचारा. पण निघताना पतीला थोडे बाहेर घेऊन, दाराला आतून कडी लागते काय, हेही हळूच विचारा.

पत्नीचे औषधोपचार अद्याप चालू आहेत, आणि पुढचे आम्हांस ठाऊक नाही. भिंतीवरील रेघा आता माझ्या डोक्याच्या वर गेल्या आहेत. यंदा घराला चुना द्यावयाचा आहे. तेवढी भिंत सोडावी, असे तिने सांगितले आहे.